‘बॉम्बे’, ‘बंबई’, ‘म्हमई’ : एका नावाचे वारसदार

मुंबई या नावाची चर्चा निघाली की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, हे नाव पोर्तुगीजांनी दिले. ‘बों बाहिया’ म्हणजे चांगले बंदर, त्याचे इंग्रजांनी ‘बॉम्बे’ केले. दुसरा पक्ष म्हणतो, हे नाव मुंबादेवीचे, म्हणजे आमच्या धर्माचे व संस्कृतीचे, आणि म्हणून शहर आमचे. पहिला पक्ष इंग्रजी शाळांतून निघतो, दुसरा सभांतून आणि वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतून. दोघांचे भांडण मालकीचे आहे. ज्यांनी या शहराची गटारे उपसली, गोद्या बांधल्या, गिरण्यांची चाती फिरवली, त्यांच्या तोंडी या नावाचा अर्थ काय होता, हा प्रश्न दोन्ही पक्षांच्या मनाला शिवत नाही. मला तो विचारायचा आहे. पण तो विचारण्याआधी या दोन पक्षांचे दावे तपासून घेतले पाहिजेत. चुकीच्या व्युत्पत्तीवर उभी केलेली अस्मिता कोणाच्याच उपयोगाची नाही, आपल्याही नाही.

पहिला दावा चटकन निकालात निघतो. पोर्तुगीज भाषेत ‘बाहिया’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. ‘चांगली खाडी’ म्हणायचे झाले तर पोर्तुगीज माणूस ‘बोआ बाहिया’ म्हणेल. ‘बों बाहिया’ म्हणणे म्हणजे मराठीत ‘चांगला खाडी’ म्हणण्यासारखे आहे. स्वतःच्या भाषेचे लिंग न कळणारे दर्यावर्दी इतका मोठा प्रदेश जिंकून त्याचे कागदपत्र लिहीत होते, हे कोणी मानावे? शिवाय गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर ही बेटे पोर्तुगीजांना दिली, त्याच्याही आधीच्या पोर्तुगीज लेखनात या नावाची रूपे सापडतात. दुआर्ते बार्बोझाने १५१६ च्या सुमारास ठाण्याच्या नावाला जोडून ‘मायांबू’ असे काहीतरी लिहिले आहे. १५२५ च्या नोंदीत ‘मोंबाइन’ आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याला हे बेट खंडाने मिळाले होते. त्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात ‘मोंबाइम’ असेच लिहिले. म्हणजे परकीयांच्या कानावर इथे कोणाच्या तरी तोंडून ‘म’ने सुरू होणारा शब्द पडत होता आणि ते तो आपल्या जिभेला जमेल तसा उतरवून घेत होते. नाव इथे आधीपासून होते.

मग ‘चांगले बंदर’ कोठून आले? ते इंग्रजांच्या डोक्यातून आले. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाच्या १६६१ च्या करारात हे बेट आंदणात गेले, १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताब्यात आले, आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. (आमच्या खेड्यांत महारकी वतनाच्या तुकड्यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली, आणि हे अख्खे बेट दोन राजघराण्यांनी भांड्याकुंड्यांबरोबर देऊन घेऊन टाकले! बेटावरच्या माणसांना कोणी विचारले नाही.) त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १६७३ मध्ये, जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर येथे आला. त्याने पुढचा विशाल उपसागर पाहून नावाचा अर्थ ‘चांगली खाडी’ असा लावला. व्यापाऱ्याच्या डोळ्याला बंदर दिसले म्हणून नावातही बंदर ऐकू आले.

ही खोड मुंबईत पुढेही चालू राहिली. भेंडीची झाडे होती म्हणून भेंडीबाजार; पण साहेबाच्या ‘बाजाराच्या मागे’ या इंग्रजी शब्दांवरून ते नाव पडले अशी गोष्ट आजही शिकलेले लोक मोठ्या चवीने सांगतात. चिंचपोकळीत चिंच आहे, परळात परळ नावाचे झाड आहे, उमरखाडीत उंबर आहे. या शहराची जुनी नावे झाडांची आणि खाड्यांची आहेत, आणि ती ठेवणारे लोक लिहिणारे नव्हते. लिहिणारे मागून आले आणि त्यांनी अर्थ लावले.

‘म’ आणि ‘ब’ यांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. मराठी आणि गुजराती माणसाने कधी ‘ब’ उच्चारला नाही. त्याचे ‘मुंबई’ ते ‘मुंबई’च राहिले. उत्तरेकडचा माणूस ‘बंबई’ म्हणू लागला, पोर्तुगीजांचे ‘बोंबाइम’ झाले, इंग्रजांचे ‘बॉम्बे’. तेव्हा १९९५ साली शासनाने शहराचे नाव ‘बदलले’ असे जे म्हणतात ते मराठीपुरते खरे नाही. मराठीत बदलायला काही नव्हतेच. बदल इंग्रजी पाटीवर झाला.

आता दुसरा दावा. नाव देवीवरून आले, हे मला मान्य आहे. पुरावा त्याच बाजूला झुकतो. माझा आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. मुंबा म्हणजे काय, असे विचारले की शास्त्री-पंडितांचे उत्तर तयार असते: ‘महा-अंबा’. महा-अंबेचे ‘मुंबा’ झाले! म्हणजे कोळ्यांची देवी मुळात संस्कृत होती, कोळ्यांनी तिचे नाव बिघडवले, आणि आम्ही ते शुद्ध करून देतो. बहुजनांच्या प्रत्येक शब्दाच्या बाबतीत हाच व्यवहार होतो. आमच्या तोंडचा शब्द म्हणजे अपभ्रंश, आणि मूळ शब्द नेहमी त्यांच्या पोथीत.

याला उत्तर व्याकरणात आणि रानात, दोन्हीकडे आहे. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या आया आठवून पाहा: तुकाई, मेसाई, यमाई, बोल्हाई, सटवाई, जोखाई, मरीआई. शेंदराचा तांदळा, नवरा नाही, पुराण नाही, बहुधा देऊळही नाही. गावाच्या शिवेवर किंवा खाडीच्या काठावर बसलेली. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुणे परिसरातली रानेवने पायी तुडवून अशाच आयांचा शोध घेतला, आणि त्यांची स्थाने माणसाच्या जुन्या वाटांशी, तिठ्यांशी जोडलेली आहेत हे दाखवून दिले. यांतल्या कितीतरी नावांना संस्कृत मूळ नाही आणि ते असण्याची गरजही नाही. ‘मुंब’ला ‘आई’ लागली की ‘मुंबाई’ होते, जशी ‘मेस’ला लागून ‘मेसाई’. मुंबाई ही या बहिणींपैकी एक आहे. कोळी तिला आई म्हणत आले. तिला महा-अंबा करण्याची गरज तिला नव्हती. ती गरज तिच्यावर नंतर हक्क सांगणाऱ्यांना होती.

येथे मला मरीआई आठवते. तीही यांच्यातलीच. पटकी आली की सारे गाव तिच्या पाया पडे, पण तिची सेवा महाराकडे, तिचा गाडा शिवेबाहेर ओढून नेण्याचे काम महाराकडे, आणि तिचे ठाणे महारवाड्याच्या कडेला. एका आईचे देऊळ भुलेश्वरच्या सराफी पेठांत आले, तिला दागिने आणि पूजाविधी मिळाले, तिच्या नावाने महानगर ओळखले जाऊ लागले. दुसरी आई महारवाड्याच्या कडेलाच राहिली. देवींनाही वर्ण लागतो. मी बुद्धाच्या मार्गाने चालणारा माणूस आहे, मला दोघींपैकी एकीचीही पूजा करायची नाही. पण एकीला बढती कशी मिळाली आणि दुसरीला का मिळाली नाही, हे समाजशास्त्र आपण वाचले पाहिजे.

त्या बढतीची कथा एका माहात्म्यात आहे. मुंबारक नावाचा एक बलाढ्य दैत्य या बेटावरच्या लोकांना छळत होता. देवांनी आपल्या तेजातून आठ हातांची देवी निर्माण केली. तिने त्याला लोळवले. मरताना त्याने वर मागितला की तुझ्या नावाला माझे नाव जोडले जावे. म्हणून देवी मुंबा झाली. काही विद्वानांनी या मुंबारकात दिल्लीचा सुलतान मुबारक शहा (१३१६–१३२०) शोधून काढला आहे. शब्दाच्या साम्यावर एका सुलतानाला राक्षस करणे फार सोपे आहे, आणि आजच्या काळात ते किती धोक्याचे आहे हे वाचकांना सांगायला नको.

मला त्या कथेत वेगळेच काही दिसते. हरलेल्याचे नाव जिंकणाऱ्याला आपल्या अंगावर घ्यावे लागते, ही गोष्ट या देशात एकदाच घडलेली नाही. कोल्हासुराला देवीने मारले आणि त्याच्या शेवटच्या इच्छेवरून गावाचे नाव कोल्हापूर पडले, असे करवीरचे माहात्म्य सांगते. गयासुराची गया झाली. महिषासुराचे म्हैसूर झाले. जर हे सगळे दुष्ट राक्षस होते तर त्यांची नावे गावांनी का जपली? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त पुराणांची हीच उलटतपासणी केली, दैत्य म्हणजे येथले जुने धनी, आणि पुराण म्हणजे जेत्याने लिहिलेला पंचनामा, असे त्यांनी मांडले. त्यांचा प्रत्येक तपशील आजच्या इतिहाससंशोधनाला मान्य होईल असे मी म्हणत नाही. मुंबारक नावाचा कोणी कोळी नायक होऊन गेला असेही मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण गावाचे जुने नाव पुसता आले नाही म्हणून ते राक्षसाच्या माथी मारून पोथीत घेतले, एवढे त्या कथेतच लिहिलेले आहे.

देवी आधी होती कोठे? आज जेथे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे त्या बोरीबंदर-फाशीतलावाच्या भागात. किल्ल्यासमोरचे मैदान मोकळे पाहिजे म्हणून इंग्रजांच्या अमदानीत अठराव्या शतकात तिला तेथून उठावे लागले. त्याच भागात पुढे प्रचंड रेल्वेस्थानक उभे राहिले आणि १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्याला व्हिक्टोरियाचे नाव देण्यात आले. १९९६ मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आले. एवढ्या नामांतरांत त्या जागेवरून उठवलेल्या कोळ्यांचे नाव कोठेच नाही. ते कुलाब्यात आहे. ‘कुलाबा’ या शब्दात कोळी आहे असे अनेक अभ्यासक मानतात. पण त्या कुलाब्यातही आज जमिनीचा भाव काय आणि कोळीवाडा केवढा, हे कोणीही जाऊन पाहावे.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो.

माझ्या आजीच्या तोंडी ‘मुंबई’ हा शब्द नव्हता. ती ‘म्हमई’ म्हणे. आमच्या वस्तीतल्या सगळ्या बायका तसेच म्हणत. ‘म्हमईला गेला’ या दोन शब्दांत भाकरी, मनीऑर्डर, परागंदा होणे आणि सुटका, असे सगळे अर्थ होते. ‘बंदर’ हा अर्थ त्यात नव्हता आणि ‘देवी’ हाही नव्हता. गावात ज्याला जोहार घालावा लागे, ज्याला वेसकराची काठी आणि मेलेले ढोर चुकत नसे, त्याच्यासाठी म्हमई म्हणजे जेथे पाटलाची हाक ऐकू येत नाही ती जागा. नावाचा हा अर्थ कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाही.

पण शहराने त्याचे नाव त्याला विसरू दिले का? कंपनीच्या मुंबई लष्करात महार मोठ्या संख्येने होते. कागदोपत्री त्यांना ‘परवारी’ म्हटले जाई. कोकणातले दापोलीसारखे गाव त्यांच्या पेन्शनरांनी भरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लष्कराचे दार बंद झाले तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकाला अर्ज-विनंत्या करीत लेखणी उचलावी लागली. मग राहिल्या गोद्या, रेल्वे, म्युनिसिपालिटीचे झाडूखाते आणि गिरण्या. १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. गिरणी म्हणजे यंत्र, यंत्राला जात नाही, असे आपण पुस्तकात वाचतो. प्रत्यक्षात विणकामाच्या चांगल्या पगाराच्या खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड कसे लावणार? १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक टाकला. लाल बावट्याखालीसुद्धा तो धोटा विटाळतच होता.

तरीही याच शहराने आणखी एक अर्थ दिला, तोही नाकारता येत नाही. परळच्या पोयबावडीच्या ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेब वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. परळच्याच दामोदर हॉलमध्ये १९२४ च्या मार्चमधील सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा विचार निघाला. येथूनच ‘मूकनायक’ निघाला, येथेच १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, येथेच १९७२ मध्ये पँथर जन्मली. आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांनी आपल्या पहिल्या कवितासंग्रहाला ‘गोलपिठा’ हे नाव दिले. मराठी कवितेच्या मुखपृष्ठावर मुंबईचे नाव आले ते मलबार टेकडीचे नव्हे, ज्या वस्तीचे नाव घराघरांत दबल्या आवाजात घेतले जात होते तिचे. नाव ठेवण्याचा हक्क म्हणजे काय, हे मला त्या एका शब्दाने जितके कळले तितके दहा व्युत्पत्तिकोशांनी कळले नाही.

लावणीतही हा वाद खेळला गेला आहे. पठ्ठे बापूराव (मूळचे श्रीधर कुलकर्णी, पवळाबाईबरोबर तमाशात उभे राहिलेले) यांनी मुंबईची लावणी रचली. तिच्यात शहराचे वैभव आहे. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून बापाबरोबर पायी चालत या शहरात आले होते. त्यांनीही मुंबईची लावणी लिहिली, आणि तिच्यात मलबार हिलची इंद्रपुरी एका बाजूला व परळची घामाने भिजलेली वस्ती दुसऱ्या बाजूला आहे. एकच शीर्षक, एकच शहर, दोन नावे.

संयुक्त महाराष्ट्राच्या वादात बाबासाहेबांची भूमिका या प्रश्नाशी जोडलेली आहे. १९४८ साली भाषावार प्रांत आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी मुंबई महाराष्ट्रापासून तोडू पाहणाऱ्या अर्थपंडितांचे युक्तिवाद एकेक करून खोडून काढले. १९५५ मध्ये मात्र त्यांनी महाराष्ट्राचे चार भाग सुचवले, त्यांत मुंबई हे वेगळे नगरराज्य होते. पुष्कळांना या दोन भूमिकांत विसंगती दिसते. मला त्यामागे एकच चिंता दिसते: भाषिक राज्यात एकाच मोठ्या जातीचे बहुमत उभे राहिले तर गावकुसाबाहेरच्या माणसाचे काय? ‘मुंबई आमची’ या घोषणेतल्या ‘आमची’ या शब्दाचा अर्थ त्यांना हवा होता.

तो अर्थ पुढे कसा लागला याचा हिशेब दोन नामांतरांची तुलना केली की मिळतो. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. लगेच मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या, विहिरी नासवल्या, माणसे गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा खून झाला. १९७९ मध्ये लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. तेव्हा कोठे १४ जानेवारी १९९४ रोजी नाव लागले, तेही ‘मराठवाडा’ शब्द कायम ठेवून. नामांतर नव्हे, नामविस्तार. दोन्ही सभागृहांच्या एकमुखी ठरावाला साडेपंधरा वर्षे लागली. आणि दुसऱ्याच वर्षी, १९९५ मध्ये, ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ झाले. कोणाचे घर जळले नाही, कोणी गाव सोडला नाही. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी एवढे रक्त सांडले त्याच्या शहराचे, औरंगाबादचे, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले तेव्हा कोर्टकचेऱ्या झाल्या, भाषणे झाली. पण एकाही महारवाड्याने त्याची किंमत मोजली नाही.

म्हणून ‘नाव बदलून काय होते?’ असे आपल्यालाच जे विचारतात त्यांना माझे उत्तर असे की, काही होत नसते तर वस्त्या का जाळल्या?

‘बॉम्बे’ गेले असे म्हणतात, तेही पुरते गेलेले नाही. उच्च न्यायालयाच्या इंग्रजी नावात ते आहे, पवईच्या तंत्रशिक्षण संस्थेच्या नावात आहे, आणि त्यामुळे मराठी अस्मितेला कोठे धक्का बसल्याचे ऐकिवात नाही. इकडे खेड्यांतल्या ‘महारवाडा’, ‘मांगवाडा’, ‘चांभारवाडा’ या सरकारी नोंदी बदलून तेथे समतानगर, भीमनगर अशी नावे द्यावीत, हा निर्णय घ्यायला महाराष्ट्र शासनाला २०२० साल उजाडावे लागले. शहराचे परदेशी नाव पंचवीस वर्षे आधी खुपले. आपल्याच दप्तरातले जातीचे नाव नंतर.

दादर स्थानकाला चैत्यभूमीचे नाव द्यावे ही मागणी वर्षानुवर्षे होत आहे. २०१८ मध्ये शेजारच्या एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. दादरची पाटी होती तशीच आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विदर्भ-मराठवाड्यातून जे लोक डब्यात दाटीवाटीने बसून येतात, त्यांना गाडीत विचारून पाहावे, कोठे निघालात? त्यांतले फार थोडे ‘मुंबईला’ म्हणतात. ‘चैत्यभूमीला’ म्हणतात, आणि म्हाताऱ्या बाया म्हणतात, ‘बाबाकडं.’